इंजिनाचा काटा मधोमध, गिअरबॉक्स भट्टीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत इकडे आलेल्या आई-वडिलांना मोटरहोममध्ये बसवून झायन, ग्रँड कॅन्यन, डेथ व्हॅली दाखवणारी मराठी कुटुंबे कॅलिफोर्नियात आणि अ‍ॅरिझोनात आता सर्रास दिसतात. त्यांची प्रवासवर्णने मराठी पुरवण्यांतही येतात. त्यांत गाडीतला ओटा, गाडीतला पलंग, सकाळचा चहा सगळे असते. गाडीच्या पोटात काय चालले आहे याबद्दल मात्र एक ओळ नसते. गाडी भाड्याची असली तर एक वेळ चालून जाते. पण बरीच जुनी मोटरहोम स्वस्तात विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झिजून मरतात त्यापेक्षा तापून जास्त मरतात. आणि तापताना ते सांगत नाहीत, कारण डॅशबोर्डवर काटा असतो तो इंजिनाच्या पाण्याचा. तो मधोमध उभा असतो आणि गिअरबॉक्समधले तेल आत करपत असते.

ही उष्णता ना उन्हाची असते, ना इंजिनाची. ती तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. इंजिनाच्या बाजूची पाती तेल घुसळून गिअरबॉक्सच्या बाजूच्या पात्यांवर फेकतात आणि त्या जोरावर गाडी चालते. दोन्हींच्या वेगात जो फरक पडतो, तेवढी ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही. ती तेल तापवण्यात जाते. हिशेब करून पाहा. चढणीवर इंजिन १५० हॉर्सपॉवर देत असेल आणि कन्व्हर्टरमध्ये त्यातली १० टक्के वाया जात असेल, तर ती झाली सुमारे ११ किलोवॅट. आपल्या न्हाणीघरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे पंधरा लिटर तेलात पाच-साडेपाच गिझर चालू ठेवून आपण वीस-वीस मिनिटे घाट चढत असतो.

नव्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच असतो. तो बसला की दोन्ही बाजू एकजीव होतात, घसरण संपते आणि कन्व्हर्टरची उष्णता जवळजवळ थांबते. जुन्या मोटरहोममध्ये हा क्लच असेलच असे नाही, म्हणून आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे हे सर्वांत आधी माहीत हवे. जनरल मोटर्सच्या पी-३० चॅसिसवरचा (म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा) टर्बो हायड्रामॅटिक ४००, फोर्डचा सी-६, डॉजच्या ४४० घन इंची इंजिनामागचा टॉर्कफ्लाइट ७२७ हे तीन गिअरचे, लॉकअप नसलेले. दणकट आहेत, पण चढणीवर सतत घसरणारे. मागे डिझेल इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत अ‍ॅलिसनचा एटी-५४५ असतो. तो चार गिअरचा, पण लॉकअप त्यालाही नाही. अ‍ॅलिसनचे नाव ऐकून निश्चिंत झालेले लोक डोंगरात इथेच फसतात. लॉकअप आहे तो फोर्डच्या ई-४-ओ-डीमध्ये (१९८९पासून) आणि जनरल मोटर्सच्या ४-एल-८०-ईमध्ये (१९९१पासून).

आता गिअरचा मुद्दा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे एक पैही खर्च न करता सर्वांत जास्त फायदा होतो. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढू नये म्हणून वरच्या गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा ही आपली सवय. माया इंजिनावर, मार गिअरबॉक्सला. कन्व्हर्टर किती जोर पेलू शकतो हे त्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टर्बो ४००मध्ये तिसऱ्याचे प्रमाण १.०० आणि दुसऱ्याचे १.४८ आहे. गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सुमारे दीडपट होतात, कन्व्हर्टरवरचा जोर दोन-तृतीयांशावर येतो आणि त्याची पेलायची कुवत दुपटीहून जास्त होते. घसरण एकदम कमी होते. शिवाय गिअरबॉक्सचा तेलपंप, इंजिनाचा पाणीपंप आणि पंखा हे तिघेही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. तेही दीडपट जोमाने काम करू लागतात. पी-३० गाडीला ४.५६ प्रमाणाचा मागचा ॲक्सल आणि साडेएकोणीस इंची चाके असतील, तर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ मैलांना साधारण ३,१०० ते ३,३०० फेऱ्या होतात. त्या गाडीच्या ४५४ घन इंची इंजिनाला त्या जड नाहीत. आवाज मोठा वाटतो, कारण इंजिन आपल्या दोन आसनांमध्ये झाकणाखाली बसलेले असते, इतकेच.

गिअर खाली घ्यायचा तो चढण लागण्यापूर्वी. वेग पडून गाडी धापा टाकू लागल्यावर घेतला, तर मधली दोन-तीन मिनिटे कन्व्हर्टर पूर्ण घसरणीत गेलेला असतो. 'ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचे' हा आपल्या घाटातला जुना नियम इथेही तंतोतंत लागू आहे. ब्रेक वाचतात आणि उतरणीवर तेलालाही थंड व्हायला वेळ मिळतो.

ई-४-ओ-डीचे दुखणे वेगळे. त्याला ०.७१चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा चौथा गिअर, आहे आणि पाच-सहा टनांची गाडी चढणीवर ओढायला तो पुरत नाही. मग गिअरबॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात, पुन्हा चौथ्यात अशा येरझाऱ्या घालतो आणि प्रत्येक वेळी लॉकअप सुटून पुन्हा बसतो. गिअरच्या दांडीच्या टोकाचे ओव्हरड्राइव्ह बंद करायचे बटण दाबून गाडी तिसऱ्यात ठेवली की लॉकअप टिकतो. सपाटीवरही समोरून जोराचा वारा असेल तर हेच करावे, कारण मोटरहोमचे तोंड म्हणजे सरळ भिंत. त्या बटणाचा दिवा आपोआप लुकलुकू लागला तर ती बिघाडाची खूण आहे. मेकॅनिककडून कोड वाचून घ्यावा. पुष्कळदा दोष गिअरबॉक्समध्ये नसून थ्रॉटलच्या सेन्सरमध्ये किंवा गिअरच्या दांडीच्या जागेचा सेन्सर असतो त्यात पाणी शिरल्याने निघतो. हे दोन्ही सुटे भाग बाहेरून बदलता येतात.

लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाताना बेकर गावानंतरची चढण ही या सगळ्याची परीक्षा. सुमारे ९०० फुटांवरून रस्ता सतरा-अठरा मैलांत ४,००० फुटांच्या वर जातो, तोही वाळवंटातून. डेथ व्हॅलीत स्टोव्हपाइप वेल्सपासून टाउन पासची चढण तर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट, काही ठिकाणी ९ टक्क्यांची. इथे एसी बंद ठेवा अशा पाट्या असतात, त्या गमतीने लावलेल्या नाहीत. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. त्याने तापवलेली हवा मागे रेडिएटरला आणि गिअरबॉक्सच्या कूलरला मिळते. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारी एसी बंद ठेवणे शक्य नसते, तेव्हा पहाटे पाचला निघावे. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यास अनेक भाडे कंपन्यांची मनाईच असते. स्वतःच्या जुन्या गाडीला आपणच ती घालून घ्यावी.

बहुतेक जण पहिला खर्च मोठ्या कूलरवर करतात. माझ्या मते पहिला खर्च तापमानाच्या काट्यावर व्हावा. काटा नसेल तर कूलर पुरतो की नाही, नळी तुंबली की नाही, दुसरा गिअर टाकल्याने फरक पडला की नाही, काहीच कळत नाही. सेन्सर तीन ठिकाणी बसवता येतो. तेलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या पत्र्याच्या तळात, बसवला तर गिअरबॉक्सला मिळणाऱ्या तेलाचे खरे तापमान दिसते. पंप तिथूनच तेल उचलतो. कूलरकडे जाणाऱ्या नळीत टी जोडून बसवला तर कन्व्हर्टरमधून नुकतेच निघालेले तेल दिसते. चढणीवर तो आकडा चेंबरपेक्षा ५० अंश फॅरेनहाइटने किंवा त्याहूनही जास्त असू शकतो आणि क्षणात वरखाली होतो. त्याने घाबरायचे नाही. तिसरी जागा दाब तपासण्याच्या भोकाची. चेंबरची जागा उत्तम. सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळू नये. एका वायरचा सेन्सर अर्थिंग धातूतूनच घेतो, ते तुटते. पट्टीचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह अडवतात ते वेगळेच.

चेंबरमध्ये १७५ अंश फॅरेनहाइट (८० सेल्सियस) म्हणजे स्वस्थ. २०० (९३) चढणीवर चालेल. २२० (१०४) झाले की गिअर खाली, वेग कमी, एसी बंद. २५०ला (१२१) थांबायचे. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की १७५च्या वर दर २० अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. २४०च्या आसपास तेलाचे वार्निश बनून व्हॉल्व्हवर बसते, २६०ला रबरी सील कडक होतात. कडक झालेली सील गाडी थंड झाली तरी पुन्हा मऊ होत नाहीत. त्यामुळे मागच्या वर्षीच्या एका तापलेल्या दुपारची किंमत यंदा गिअर उशिरा पडू लागल्यावर कळते.

कूलरबद्दल. मूळ कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो; त्यात तेल पाण्याला उष्णता देते, म्हणून ते पाण्यापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. जादा कूलर हवेचा. तो वेटोळ्या नळीचा घेण्यापेक्षा एकावर एक पट्ट्या रचलेल्या प्रकारचा घ्यावा, आणि गाडीच्या भरलेल्या वजनाहून मोठ्या क्षमतेचा. जोडणीचा क्रम असा: गिअरबॉक्समधून निघालेले तेल आधी रेडिएटरमध्ये, मग हवेच्या कूलरमध्ये, मग परत. उलटे जोडले तर हवेने थंड केलेले तेल रेडिएटरमध्ये पुन्हा तापते. कोणती नळी जाणारी आणि कोणती येणारी हे ओळखायला थंड गाडी सुरू करून दोन्हींना हात लावा. आधी कोमट होते ती जाणारी. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर वर हवा अडकते आणि अर्धा कूलर कोरडाच राहतो. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कूलर बांधू नका, हादऱ्याने त्या रेडिएटरच्या नळ्या खातात. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून घ्या. नळी ट्रान्समिशन ऑइलसाठी बनवलेलीच हवी. पेट्रोलची किंवा हीटरची नळी काही महिन्यांत मऊ पडते.

रेडिएटर मूळचाच असेल तर आणखी एक धोका. आतला कूलर गंजून फुटला की पाणी आणि तेल एकत्र होतात आणि डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस दिसतो. क्लच प्लेटींचे अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेले असते तो पाण्याने सुटतो. तो फेस दिसल्यावर गाडी एक मैलही चालवू नये. तीस वर्षांचा रेडिएटर बदलण्याचे पैसे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपुढे काहीच नाहीत.

तेल कूलरमधून खरोखर फिरते का, हेही तपासता येते. परतीची नळी सोडून बादलीत धरा, इंजिन संथ चालू ठेवा. २० सेकंदांत सुमारे एक क्वार्ट, म्हणजे लिटरभर, तेल यायला हवे. वीस सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका आणि निघाले तेवढे नवे तेल लगेच भरा. धार बारीक असेल तर नळी चेपलेली किंवा कूलर तुंबलेला. एकदा गिअरबॉक्स जळून दुरुस्त झाला असेल, तर जुना कूलर बदलाच. जळक्या क्लचचा गाळ त्यात बसलेला असतो आणि तो नव्या गिअरबॉक्समध्ये येतो. जुन्या टॉर्कफ्लाइटची मात्र एक खोड लक्षात ठेवावी. पार्कमध्ये त्याचे तेल कन्व्हर्टरकडे आणि कूलरकडे जातच नाही. ही तपासणी, तेलाची पातळी पाहणे आणि तापलेल्या गाडीला थंड करणे, तिन्ही कामे न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढून आणि चाकांना अडसर लावून.

हवा मिळाली नाही तर कूलर कितीही मोठा असून उपयोग नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत किडे, गवत, कापसासारखे बी साचून नमदा तयार झालेला असतो; समोरून पाहिले तर जाळी स्वच्छच दिसते. फॅन क्लच (गरम झाल्यावर पंखा इंजिनाला जोडणारा भाग) चांगला असेल तर चढणीवर पंखा एकदम घोंगावू लागतो. तो आवाज कधीच येत नसेल तर क्लच गेला आहे. मागे डिझेल असलेल्या गाडीत घाण उलट्या बाजूने, पंख्याच्या बाजूने बसते. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ आणि मागच्या चाकांची धूळ मिळून चिकट थर होतो. अ‍ॅल्युमिनियमला चालणारे साबणपाणी मारून, अर्धा तास भिजवून, कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवावे. जास्त दाबाने पत्रे वाकतात.

तेलाची पातळी गाडी गरम, इंजिन चालू, जमीन सपाट अशीच पाहावी, सगळे गिअर एकदा फिरवून. टर्बो ४००मध्ये गरम असताना 'भरा' आणि 'पूर्ण' या दोन खुणांत जेमतेम अर्धा लिटर अंतर असते. म्हणून पाव-पाव लिटर घालत जावे. कमी तेलात पंप हवा ओढतो. जास्त तेल फिरत्या भागांना लागून त्याचा फेस होतो. परिणाम दोन्हींचा एकच, ताप. दोन-चार महिने उभ्या असलेल्या गाडीत कन्व्हर्टरमधले तेल चेंबरमध्ये उतरते आणि इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक फार वर दाखवते. ते पाहून तेल काढू नका. आणि गळती कुठेच नसताना तेल कमी होत असेल, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येत असेल, तर टर्बो ४०० किंवा सी-६च्या बाजूचा व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनाला नळीने जोडलेली छोटी डबी, सोडून पाहा. आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेल पिऊ लागते. नळीत तेलाचा ओलावा दिसला की मॉड्युलेटर बदलायचा. अर्ध्या तासाचे काम.

पांढऱ्या कागदी रुमालावर डिपस्टिकचा एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबा. गुलाबी डाग सारखा पसरत गेला तर तेल ठीक. मध्ये तपकिरी ठिपका राहून डाग तिथेच थबकला आणि करपलेल्या भाकरीसारखा वास आला तर चेंबर उतरवायची वेळ झाली. ई-४-ओ-डीच्या चेंबरला तेल सोडायचा बोल्ट नसतो. मागचे बोल्ट ढिले करून एक कोपरा खाली येऊ द्या, नाहीतर तेलाने अंघोळ होते. पाच-सहा क्वार्ट निघते. एकूण तेल मात्र सोळा क्वार्टांच्या आसपास असते, म्हणजे एका वेळी तिसरा हिस्साच बदलतो. टर्बो ४००मध्ये अकरापैकी चार-पाच. काही शेकडा मैलांनी पुन्हा एकदा करावे. तळातल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी बारीक पूड असणे स्वाभाविक आहे. काळे तंतू म्हणजे क्लचचे अस्तर. पिवळे चमकणारे कण म्हणजे बुशिंग, फिरत्या दांड्यांना आधार देणाऱ्या धातूच्या कड्या. हे दोन दिसले तर नवे तेल घालून दुखणे जाणार नाही, पैसे दुरुस्तीसाठी राखा. दाबाच्या मशीनने तेल फ्लश करण्याच्या मी विरोधात आहे. जुना गाळ जागचा हलून व्हॉल्व्हमध्ये जातो.

तेल डिपस्टिकवर लिहिलेले तेच. जुन्या डेक्सरॉन-३चे परवाने २००६अखेर संपले. जनरल मोटर्सच्या गाडीला आता डेक्सरॉन-६ घालतात, आणि जुन्या मर्कॉनच्या जागी मर्कॉन-५. सत्तरच्या दशकातल्या काही फोर्डना टाइप-एफ लागते, त्याची पकड वेगळी असते, मिसळू नये.

वजन हा विषय लोक टाळतात. गाडी सामानासकट, माणसांसकट ट्रकच्या काट्यावर चढवा. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर थोड्या डॉलरांत पावती मिळते. दाराजवळच्या पट्टीवरची मर्यादा आणि पावतीवरचा आकडा शेजारी ठेवून पाहा. पन्नास गॅलन पाणी म्हणजे चारशे पौंडांहून जास्त. वर मुक्कामाच्या तळावर नळ असताना टाकी भरून घाट चढण्यात काही अर्थ नाही. मागे छोटी मोटार ओढत असाल तर लांब चढणीआधी ती सोडा आणि घरातला दुसरा कोणी ती चालवत आणू दे.

सर्वांत वाईट ताप मात्र घाटात येत नाही, मुक्कामाच्या तळावर पोचल्यावर येतो. गाडी समतल करायला चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवून रिव्हर्समध्ये हळूहळू चढवताना चाके जवळजवळ थांबलेली असतात आणि इंजिन जोर लावत असते. त्या क्षणी इंजिनाची सगळी ताकद तेलात जाते. मिनिटभर हे चालले तर काटा झरझर चढतो. वाळूत रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवणे, किंवा चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणे, ही त्याच जातीची कामे. दहा सेकंद प्रयत्न, मग न्यूट्रलमध्ये मिनिटभर विश्रांती, असे करावे. ठोकळे थोडे कमी उंचीचे, तिरप्या तोंडाचे ठेवले तर जोर बराच वाचतो.

आणि काटा २५०वर गेलाच तर? रस्त्याची रुंद कड पाहून गाडी बाजूला घ्या, पण इंजिन बंद करू नका. बंद केले की पंपही थांबतो आणि सर्वांत तापलेले तेल कन्व्हर्टरमध्ये तसेच राहते. गिअर न्यूट्रलमध्ये, फेऱ्या हजार-बाराशेवर, एसी बंद. दहा मिनिटांत काटा उतरायला हवा. त्या वेळी कोणी तरी गाडीखाली वाकून पाहा. फार तापलेले किंवा जास्त भरलेले तेल श्वासभोकातून आणि डिपस्टिकच्या नळीतून उसळते आणि शेजारीच लालबुंद एक्झॉस्ट असतो. जुन्या मोटरहोमला लागणाऱ्या आगीचे हे एक ठरलेले कारण. निळसर धूर दिसला, तर इंजिन चालू ठेवण्याचा नियम तिथेच संपतो: किल्ली बंद, आजी-आजोबा आधी बाहेर. तेलाच्या आगीवर चालणारे अग्निशामक पलंगाखाली नव्हे, दाराच्या चौकटीला लावलेले असावे. बाहेर पडता-पडता हाताला लागेल असे.

एक वाचक,
सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया